ठमाबायचा दुसरा कोयता

ठमाबायच्या हातात कोयता द्यायचा नाही. काउंटरवर ठेवायचा, नाहीतर सरळ जमिनीवर, आणि आपण जरा मागे सरायचं. मग ती तो स्वतः उचलणार. माझ्या दुकानात ती पहिल्यांदा आली तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी आपला सवयीनं कोयता मुठीकडून पुढे केला, तर बाईनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "खाली ठेव गो," ती म्हणाली. "धारेची वस्तू हातातून हातात घेतली का भांडान लागतं. मला घरचं भांडान पुरं हाय, तुझं नको."

आमचं दुकान पेणच्या पुढे, गडब गावात, हायवेला लागून. दोर, घमेली, फावडी, पंपाचे पाइप, विळे, कोयते, जे शेतीला लागतं ते सगळं. नवरा नागोठण्याच्या बाजूला कंपनीत शिफ्टवर असतो, त्यामुळे दुकान माझ्या अंगावर. लोक तोंडावर मला वहिनी म्हणतात आणि मागे तापट बाई म्हणतात, आणि दोन्ही खरं आहे. एखादा माणूस घ्यायचं नसताना नुसतं सामान उचकत बसला तर त्याला मी उठवून लावते. ठमाबायनं मात्र भिंतीवरचे सगळे कोयते खाली उतरवायला लावले, एकेक उचलला, एकेक परत ठेवला, आणि मी चकार शब्द काढला नाही. कारण माझं लक्ष तिच्या कमरेकडे होतं.

पन्नाशी उलटलेली, बुटकी, काष्टा घातलेलं जुनं लुगडं, आणि मागे कमरेला दोरीनं बांधलेली लाकडी आकडी. या आकडीत कोयता अडकवतात, म्हणजे झाडावर चढताना हात मोकळे राहतात. पण आमच्याकडे आकडी बांधतात ते बाप्ये. झाडावर चढून फांद्या तोडायच्या त्यांनी, आणि खाली पडलेला पाला गोळा करून त्याचे भारे वाहायचे बायांनी. असा नियम कुणी कुठे लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडलेलाही कुणी बघितला नव्हता. दुकानात खताची चौकशी करायला आलेला एकजण तिच्या कमरेकडे बघून फिदीफिदी हसला. ठमाबाय मागे वळली. "काय रे, कंबर माझी, आकडी माझी. तुझं काय टांगलंय तिच्यात?" त्यानंतर त्या माणसानं खताचं नावसुद्धा काढलं नाही, आला तसा गेला.

मग तिनं मला सगळं सांगितलं, आणि तेसुद्धा रडतकुढत नाही, बाजारभाव सांगावा तसं. तिचं गाव आमच्यापासून आत, डोंगराच्या अंगाला. लग्न होऊन गेली, पटलं नाही, तरणी असतानाच माघारी आली आणि बापाच्या आवारात स्वतःचं खोपट बांधून राहिली. बाप गेल्यावर खालची भातशेती भाऊ करायचा. वर डोंगरउतारावर एक माळ होता, तो दोघांच्या नावावर. बापाच्या वेळी तिथे नाचणी व्हायची. पुढे कुणी गेलं नाही आणि माळावर रान माजलं. घाणेरी, कुडा, करवंदाच्या जाळ्या, काटेरी वेल, नुसता गच्च. आता पेण-रोह्याकडे फार्महाऊससाठी जमिनी घेणारे फिरायला लागलेत, त्यातला एक एजंट तिच्या भावाला भेटला. भाऊ, नामा, विकायला तयार. अडलं होतं ते फक्त ठमाबायच्या सहीपाशी.

शिमग्याच्या दिवशी होळीपुढे सगळं गाव जमलेलं असताना नामानं विषय काढला. माळ पडीक आहे, करणारं कुणी नाही, बहीण सही देत नाही, आता गावानंच सांगावं. ठमाबाय म्हणाली, "करनारी मी हाय." लोक हसले. नामा म्हणाला, "मिरगाच्या आधी एकटीनं साफ करून दाखव. नाय झाला तर सही द्यायची." तिनं होळीत नारळ टाकला आणि सांगितलं, "नाय झाला तर देईन. झाला तर तू परत तोंडातून सही काढायची नाय." शिमगा ते मृग. भरल्या उन्हाळ्याचे दिवस, कातळ तापलेला, आणि हिच्याकडे पाला कापायचा एक विळा. म्हणून बाई कोयता घ्यायला माझ्याकडे आली होती.

आता खरं सांगते, मी तिला नीट सल्ला दिला होता. मध्यम आकाराचा एक चांगला कोयता होता, तो मी पुढे ठेवला. पण तिची नजर वर गेली. छताजवळ एक भला दांडगा कोयता टांगलेला होता, रुंद पात्याचा, जाड पाठीचा, पुढे वाकडी चोच काढलेला. रोह्याच्या लोहारानं गाडीच्या कमानपाट्यातून घडवलेला. तो विकायला नव्हताच म्हणा, दुकानाची शोभा म्हणून होता. मी म्हटलं, "ठमाबाय, तो राहू दे. तो बाप्यांनासुद्धा पेलत नाही." हे मी बोलायला नको होतं. "बाप्याला पेलत नाय म्हनून मला पेलायचा नाय काय? काढ खाली."

तिनं तो उचलला, खांद्यावर टाकला आणि दुकानाबाहेर जाऊन हायवेच्या कडेला उभी राहिली. येणारे-जाणारे बघत होते आणि तिला ते हवंच होतं. "असाच आमच्या बापाचा व्हता," म्हणाली. "गावात शिरताना लांबून दिसायचा." आकडीत तो जेमतेम बसला. चालताना तिच्या मांडीवर आपटत होता, पण तिनं चाल बदलली नाही. मला राग आला, आणि खोटं कशाला बोलू, तिचा अभिमानही वाटला. दोन्ही एकाच वेळी होतं माझं.

मध्ये बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका सकाळी मी शटर वर करते तर ठमाबाय पायरीवर बसलेली. उजव्या मनगटाला निरगुडीचा पाला बांधून वर फडकं गुंडाळलेलं, बोटं सुजून गाजरासारखी. तो दांडगा कोयता तिनं आधीच जमिनीवर ठेवला होता. धारेला दोन ठिकाणी खांडं पडली होती. जड कोयत्याचं असंच असतं, फांदी तुटली तरी तो थांबत नाही, पुढे जाऊन दगडावर बसतो, आणि सगळा दणका मनगटात. करवंदाच्या जाळीत तर त्याला फिरायला जागाच नव्हती. अर्धा उन्हाळा सरत आला होता आणि माळाची नुसती कड साफ झाली होती.

मला वाटलं, आता ही रडणार किंवा मला शिव्या देणार. तिनं तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि म्हणाली, "ह्यो मी गावाला दाखवायला घेतला व्हता गो वयनी. गावानं बघितला. आता मला कामाचा दे."

किती सरळ बोलावं माणसानं. आपण साधी साडी चुकीची घेतली तरी वर्षभर ती चांगलीच आहे म्हणून नेसतो. ही बाई एवढ्या लोकांसमोर मिरवत नेलेला कोयता परत घेऊन आली होती, आणि मान खाली नव्हती. "हट्ट केला तो माझा व्हता," म्हणाली. "हातानं काय कुनाचं घोडं मारलंय? त्याला कशाला शिक्षा?"

माझ्या भिंतीवर तिच्या कामाचं काही नव्हतं. आधी दाखवलेला तो चांगला मध्यम कोयता मधल्या काळात विकला गेला होता. उरलेले पातळ पत्र्याचे, आणि ते घाणेरीला चालतील, कुड्याच्या जाड खुंटाला नाही. मी शटर परत खाली ओढलं, तिला स्कूटीवर मागे बसवलं आणि नागोठण्यावरून रोह्याला निघाले. धंद्याच्या दिवशी दुकान बंद ठेवलं म्हणून नवरा नंतर बोलला. मीही त्याला बोलले. ते असो.

रोह्याला लोहाराचा भाता आता विजेवर चालतो, पण लोहार जुन्या वळणाचा. त्यानं मला विचारलं, "गडी किती उंचीचा आहे? हात केवढा आहे?" ठमाबाय म्हणाली, "गड्याला काय तोंड नाय? त्यालाच इचार." लोहारानं तिच्याकडे बघितलं, आकडीकडे बघितलं आणि मग निमूट तिचा हात बघायला मागितला. तिनं सुजलेला उजवा मागे ठेवून डावा पुढे केला. तो म्हणाला, "कामाचा हात दाखवा." ती म्हणाली, "उरलेला उन्हाळा हाच कामाचा."

नवा कोयता तिला नको होता. "ह्याचाच बारीक कर," म्हणाली. लोहारानं दांडग्या कोयत्याची चोच छाटली, पाठ उतरवली, रुंदी कमी केली, पुन्हा पाणी दिलं. तिनं तो भात्यासमोरच्या ओंडक्यावर चालवून बघितला आणि जमिनीवर ठेवला. "अजून जड हाय." त्यानं परत तापवला. तिनं परत चालवला. "आता पुढं हलका झाला, तोडायला जीव राहिला नाय." लोहार वैतागला. "बाई, लोखंड आहे हे, पीठ नाही परत मळायला." ती हसली नाही. "माझी सही अडकलीय त्याच्यात दादा. मळ." शेवटी त्यानं मागची पाठ आणखी काढली, वजन पुढच्या टोकाकडे राहू दिलं आणि मूठ एवढी लांब बसवली की वेळ पडली तर दोन्ही हातांनी धरता यावी. आता ती डाव्या हातानं घाव घालायची आणि उजव्याची बोटं नुसती आधाराला. कोयता ओंडक्यात शिरला आणि हिसका न देता सुटला. तिनं तो परत खाली ठेवला नाही. तेव्हाच मला कळलं की हा झाला.

गावात शिरताना तो लांबून दिसण्यासारखा मुळीच नव्हता. नामानं लगेच बघितलं. पारावरून ओरडला, "काय बाय, झालीस ना बारीक?" ती न थांबता म्हणाली, "कोयता झाला. मी व्हती तेवढीच हाय."

त्यानंतर एकदा मी तिच्यासाठी भाकरी आणि सुकटाची चटणी घेऊन वर गेले. उन्हानं डोकं फुटायची पाळी. ही जाळीत अर्धी आत शिरलेली, दंडावर काट्यांचे ओरखडे, आणि कोयत्याचा आवाज एका लयीत, न थांबता. तोडलेलं रान तिनं वाळायला पसरून ठेवलं होतं. नंतर रोपाच्या वाफ्यावर तेच जाळून राब भाजायचा होता. बसायला जागा करावी म्हणून मी वाटेतली एक फांदी उचलून बाजूला टाकली, तर आतून आवाज आला, "ठेव ती व्हती तिथं." मी म्हटलं, "अगं, एक फांदी आहे." ती बाहेर आली, घाम पुसला. "नाम्याला बोट ठेवायला एक फांदीच पुरं. म्हनल, गडबची वयनी आली आनि तिनं केला. गावातल्या बायांनापन मी पानी ठेवा आनि जावा म्हनलंय." मी ती फांदी उचलून परत होती तिथे ठेवली. जन्मात कुणाचं एवढं ऐकलं नव्हतं मी.

भाकरी खाताना मी विचारलं, "समज नाही झालं, तर देणार सही?" ती खाली गावाकडे बघत म्हणाली, "देईन. बोललेय तर देईन. म्हनून तर करतेय." मला जेवण गेलं नाही. तोपर्यंत मला वाटत होतं की ही काहीही झालं तरी नाही म्हणणार, हट्टीच आहे. पण तिनं खरोखरच सगळं पणाला लावलं होतं. हरली असती तर शब्द पाळून सही दिली असती आणि मग त्या आवारात भावाच्या दारासमोर उरलेला जन्म काढला असता.

मृग लागायच्या आधी नामा गावातली माणसं घेऊन वर गेला. मीही गेले होते, मला कोण अडवणार. माळ उघडा पडला होता. वाफ्यावर राब भाजून झालेला, राख काळीभोर. कितीतरी वर्षांनी त्या जागेची माती दिसत होती. नामा सगळीकडे फिरला. मग वरच्या कडेला जाऊन थांबला. तिथे करवंदाची एक लांबलचक जाळी तशीच होती. "ही राहिली," तो म्हणाला. "पुरा साफ झाला नाय. सही दे."

ठमाबाय दगडावर बसून कोयत्याला धार लावत होती. तिनं मानही वर केली नाही. "ती राहिली नाय, ठेवलीय. त्याच्या पलीकडनं गुरं येतात. कुंपन कोन घालनार, तुझं गिऱ्हाईक?" माणसं हसली, आणि या वेळी हसणं नामाच्या वाट्याला आलं. तो खाली उतरला. हरलो असं त्यानं कधीच म्हटलं नाही, आणि तिनंही त्याच्याकडून ते वदवून घेतलं नाही. तिनं नाचणी पेरली.

गावासमोर ठरलं होतं तरी नामानं सही मागायची सोडली नाही. दर दिवाळीनंतर नवा एजंट, नवी गोष्ट. एकदा एजंट चांगली भरजरी साडी घेऊन तिच्या खोपटात आला, मावशी मावशी करत. तिनं साडी ठेवून घेतली. मी ऐकलं आणि मला धक्का बसला. पुढच्या हंगामात वर गेले तर नाचणीच्या मधोमध बुजगावणं उभं, आणि त्याच्या अंगावर तीच साडी, पदर वाऱ्यावर उडतोय. "डुकरं येत नायत," ती म्हणाली. "आनि त्यो बी परत आला नाय."

माझ्याकडे ती वर्षातून एकदा धार काढून घ्यायला यायची. दुसरा कोयता कधी मागितला नाही. दुकानात कुणी बाई कोयता बघत असली की ही न विचारता मध्ये पडायची. "वर टांगलेला बघू नको. डोळे मिट आनि उचल. तुझ्या नवऱ्याला, सासूला, गावाला कसा दिसतो ते सोड. मनगटाला इचार." मी म्हणायचे, "ठमाबाय, माझं गिऱ्हाईक पळवू नकोस." ती म्हणायची, "चुकीचा नेला तर ती बी सुजलं मनगट घेऊन तुझ्याच पायरीवर येनार."

गेल्या वर्षी नाचणी काढून झाली आणि तिला तापानं धरलं. चार दिवस अंगावर काढला असणार, सांगितलं कुणाला नाही. नामानंच तिला मोटरसायकलवर स्वतःच्या आणि मुलाच्या मध्ये बसवून पेणला दवाखान्यात आणलं. मी गेले तेव्हा तो खाटेशेजारी स्टुलावर बसला होता. तिनं डोळे उघडले, त्याला बघितलं. "नाम्या, सही मागाय बसलायस काय?" तो म्हणाला, "नाय." ती म्हणाली, "मंग बस." आणि पुन्हा डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मी रडले. तिला ते आवडलं नसतं, पण मी रडले.

शिमग्याच्या आसपास दुकानात बातमी आली की नामाच्या दारात एजंटची पांढरी गाडी उभी होती. माझं डोकंच फिरलं. आता अडवणारं कोण होतं? वारस म्हणून सगळं त्याचंच. शटर ओढलं आणि तशीच निघाले. काय काय बोलायचं ते वाटेत जुळवत होते, आणि त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही. घरी नामा नव्हता. त्याची बायको म्हणाली, वर माळावर आहे. मी धापा टाकत वर चढले. म्हटलं, दाखवत असेल गिऱ्हाईकाला कड कुठपर्यंत ते.

तो एकटाच होता. ती गेल्यापासून पुन्हा डोकं काढलेली घाणेरी तोडत होता, राबासाठी. मला बघून थांबला. मी दम न घेता विचारलं, "गाडी आली होती ना तुमच्याकडे? काय ठरलं?"

नामानं कपाळावरचा घाम पुसला. "आलता. म्हनला, आता तरी द्या. मी म्हनलं, माळ बहिनीचा हाय, तिची सही आना, मंग बोला."

"मग?"

"म्हनला, अवो, त्या तर वारल्या ना?" नामा खाली वाकला आणि पुढच्या झुडपाला हात घातला. "मी म्हनलं, व्हय. म्हनजे आता तर ती देनारच नाय."